नव्या फरशीवर पाय नाही

मिस्त्रीनं एखाद्या खोलीत फरशी बसवली की तो दाराच्या चौकटीला आडवी सुतळी बांधायचा. सुतळी ती काय, बोटानं तुटेल अशी. पण ती ओलांडायची कुणाची बिशाद नव्हती. एकदा एका बड्या घरमालकानं ओलांडली. स्वतःचंच घर, बघू तरी कसं दिसतंय, म्हणून बूट घालून दोन पावलं आत गेला. मिस्त्री बाहेर नळावर हात धूत होता. त्यानं ओले हात तसेच झटकले आणि आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, घर तुमचं आहे, पण फरशी अजून तुमची झालेली नाही. आधी ती खालच्या मालाला धरू दे, मग तुम्ही नाचा तिच्यावर." आणि ज्या फरशांवर बूट पडले होते त्या त्यानं मालकाच्या डोळ्यांदेखत उचकटल्या, खालचा माल खरवडला, नवा घातला आणि पुन्हा बसवल्या. मालक कुरकुरला, "अहो, दिसत तर काहीच नव्हतं." मिस्त्री म्हणाला, "दिसत नाही म्हणूनच."

असा माणूस. नव्या फरशीवर पाय नाही, हा त्याचा जन्माचा नेम. दुसरा नेम कानाचा. माल धरला की थापीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवत खोलीभर फिरायचा. भरीव आवाज आला की पुढं. पोकळ आला की उचकट, मग मालकाला कळो ना कळो. पोकळ फरशी वर्षभरही काही बोलत नाही आणि एक दिवस पाट्याखाली फटकन फुटते, हे त्याला ठाऊक होतं. "मिस्त्रीचा शब्द आणि मिस्त्रीची फरशी, दोन्ही हलत नाहीत," असं लोक म्हणायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा; पण त्या दिवशी घरी आला की दोन घास जास्त जेवायचा.

सुतळीच्या बाहेर आणखी एक माणूस थांबलेलं असायचं. त्याची बायको. सगळे तिला काकू म्हणत, वयानं मोठी माणसंसुद्धा. तो फरशी बसवायचा, ती सांधे भरायची. त्यानं सुतळी सोडून "ये गं" म्हटलं की ती पदर खोचून, पांढऱ्या सिमेंटचं घमेलं घेऊन आत जायची, गुडघ्यांवर बसायची आणि अंगठ्यानं एकेक फट भरत, ओल्या फडक्यानं पुसत, उलटी उलटी दारापर्यंत यायची. त्यानं बोलावल्याशिवाय ती कधी आत गेली नाही. कधी विचारलंही नाही, की अहो, झाली असेल ना आता? तो म्हणेल ती पूर्व दिशा. संसारात इतर बाबतीत ती त्याला चांगली सुनवायची, भाजी आणण्यावरून, दाढी करण्यावरून, लेकीवर उगाच ओरडण्यावरून. पण कामात नाही. कामात त्याचा शब्द शेवटचा.

अर्धी वस्ती दोघांनी गुडघ्यांवर मोजली म्हणा ना. मग जे व्हायचं तेच झालं. उतारवयात मिस्त्री डुलत चालायला लागला आणि काकू जिना उतरताना भिंतीला धरून उलटी उतरायला लागली. लेक म्हणायची, "तुम्ही दोघं शेजारी शेजारी चालायला लागलात की मला वाटतं मी बोटीत बसलेय." हसायची, आणि मग तिचंच तोंड उतरायचं.

काम सुटलं. काकू समोरच्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसायची. बसून करायचं काम, बरं पडायचं. मिस्त्री घरात बसून इतरांच्या फरशांना नावं ठेवायचा. एवढ्यात लेकीनं आणि जावयानं घर घेतलं. छान घर, पण वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. तीन जिने चढायचे. आईनं ते घर पाहिलंच नाही. लेक म्हणाली, "आई, दोन माणसं बोलावते, खुर्चीत बसवून अलगद वर नेऊ." काकू म्हणाली, "मी काय कपाट आहे? येईन ती माझ्या पायांनी येईन."

तिथून डॉक्टरचा विषय निघाला. हाडांचे डॉक्टर हसतमुख होते. दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी उजेडाला लावून म्हणाले, "ही जोडी जमलीय खरी! दोघांचेही गुडघे बदलायला आलेत. काकूंचे जरा जास्तच." मग त्यांनी समजावलं. आता पूर्वीसारखा लांबलचक छेद घेत नाहीत, अगदी लहान घेतात, मांडीचे स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारतात. त्यामुळं माणूस लवकर उभा राहतो, लवकर घरी जातो. "पण एक सांगतो," ते म्हणाले, "माझं काम अर्धं. उरलेलं अर्धं तुमचं. व्यायाम केला नाही तर माझी सगळी कारागिरी पाण्यात."

आधी कोण, असा प्रश्न आला. खरं तर काकू आधी जायला हवी होती. डॉक्टरच म्हणाले होते, तिचे जास्त गेलेत. पण ती मनातून घाबरली होती. ती मिस्त्रीकडं बघून म्हणाली, "आधी यांचा एक करा. यांचा बरा झाला, हे नीट चालायला लागले, की मी डोळे झाकून तुमच्या टेबलावर येऊन झोपते."

"शब्द?" मिस्त्रीनं विचारलं.

"शब्द," ती म्हणाली. "तुम्ही सुतळी सोडलीत की मी आत."

डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. मिस्त्रीला पुरतं कळलं. आता एका गुडघ्यावर दोन माणसं उभी राहणार होती.

भूल द्यायच्या आदल्या दिवशी त्यानं डॉक्टरांना गाठलं. "साहेब, तो नवा सांधा हाडाला धरून कशानं राहतो?"

"त्यासाठी खास सिमेंट असतं. हाडांचं."

"आणि ते धरायला किती वेळ?"

डॉक्टर हसले. "तुम्ही टेबलावरून उतरायच्या आत दगड झालेलं असतं."

मिस्त्रीनं मान डोलावली. पण मान आणि मन यांत त्याच्या बाबतीत बरंच अंतर होतं. सगळा जन्म सिमेंट कालवण्यात गेलेला. बोटांना चिरा पडेपर्यंत कालवलेलं. घटकाभरात दगड होतं म्हणे! पेशंटला धीर द्यायला बोलत असतील, चांगला माणूस आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय उगाच?

ऑपरेशन उत्तम झालं. हे एकदा स्पष्ट सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात डॉक्टरांच्या हाताचा काडीचा दोष नव्हता. संध्याकाळी फिजिओथेरपीची मुलगी वॉकर घेऊन खाटेपाशी आली. गोड बोलायची, पण खमकी. "चला काका, उभं राहायचं."

"आज?"

"आजच."

"अगं, आज बसवलाय आणि आजच त्याच्यावर पाय?"

"काका, त्यासाठीच तर एवढा लहान छेद घेतलाय." तिनं काखेत हात घातला आणि उभं केलंच. नव्या गुडघ्यावर भार पडला तसा मिस्त्री कळवळला. ती म्हणाली, "दुखतंय का खूप?"

"दुखत नाही, चुकतंय!" मिस्त्री ओरडला. शेजारच्या खाटेवरचा माणूस खो खो हसला. काकूसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. तो आपल्या पायांवर उभा राहिलेला बघून तिचे डोळे मात्र भरले होते. तिला त्या क्षणी लेकीचं घर दिसत असणार.

दवाखान्यात माणसं सारखी अवतीभवती होती, तोवर त्यानं सगळं केलं. घरी सोडताना त्या मुलीनं काकूदेखत पुन्हा सांगितलं. टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवायचा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, सरळ करायचा. थोड्या थोड्या वेळानं वॉकर धरून चालायचं. "आणि काका, गुडघ्याखाली उशी अजिबात घ्यायची नाही. घेतली की बरं वाटतं, पण पाय तसाच वाकडा राहतो."

काकूनं पहिल्या दिवशी सगळं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, आणि मिस्त्री घरात एकटा उरला.

आता त्याच्या मनात काय होतं तेही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस आळशी होता. आळशी तो कधीच नव्हता. तो पायाकडं बघत पडला होता आणि त्याला आत ताजा माल दिसत होता. ओला, नुकता घातलेला. त्यावर ही माणसं नाचा म्हणतायत. सांधा जरा जरी हलला, तर आतून पोकळ होणार. आणि पोकळ झाला, की वर्षभरानं कधीतरी फटकन जाणार. मग आपली बायको? ती बघेल, घाबरेल, आणि जन्मात तयार व्हायची नाही. नाही, नाही. हिच्यासाठी तरी हा गुडघा पक्का व्हायला हवा. थोडे दिवस धीर धरायचा, माल धरू द्यायचा, मग काय ते व्यायाम. अहो, तो तिच्यासाठीच पडून राहिला! हेच तर वाईट आहे.

त्यानं कडेची उशी ओढली आणि गुडघ्याखाली घेतली. किती बरं वाटलं!

काकूला सांगून बघावं असं त्याला वाटलं नव्हतं असं नाही. पण सांगितलं असतं तर ती भांडली असती, डॉक्टरांना फोन लावला असता. त्यापेक्षा "हो" म्हणणं सोपं. ती दुकानातून आली की दारातूनच विचारायची, "केलेत का?"

"केले."

"सगळे?"

"सगळे. दमलोय आता."

तिच्या पावलांचा आवाज आला की उशी कडेला जायची आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली यायची. जन्मात ज्यानं मालकाला एक पोकळ फरशी दिली नाही, त्यानं बायकोला रोज एक दिली. संडासाला जायचा तेव्हाही वॉकरवर सगळा भार टाकून, नवा पाय नुसता टेकवत जायचा. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची तेव्हा तो एवढा कण्हायचा की बिचारी अर्ध्यावर सोडायची. मग एके दिवशी त्यानं तिला फोन करून कळवलं, की आता आमची लेक करून घेते, तुम्ही येऊ नका. आणि घरात सांगितलं, की मुलगी म्हणाली, काका, तुमचं छान चाललंय, आता माझी गरज नाही.

बघायला येणाऱ्यांना तो छेद दाखवायचा. त्याचं त्याला फार कौतुक. शिंपी आला, चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून बघितलं आणि म्हणाला, "शिवण सुरेख आहे हो. एवढ्याशा फटीतून अख्खा गुडघा घातला? मला तर अस्तर बदलायला सगळा कोट उसवावा लागतो." काकू हसली. त्या दिवसांत ती उगाच हसायची. दुकानात बटणं लावता लावता सांगायची, आमचे हे एक दिवस व्यायाम चुकवत नाहीत. आता यांचा झाला की माझा, आणि मग लेकीकडं जायचंय, तीन जिने.

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टर परगावी गेलेले. मदतनिसानं टाके काढले, गुडघा दाबून बघितला, "सूज आहे, ताठही वाटतोय, व्यायाम वाढवा," म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग एका सकाळी मिस्त्रीनं ठरवलं, की पुरे, धरला आता. काकू दुकानात गेली होती. त्यानं बोटाच्या पेरानं गुडघ्याच्या वाटीवर टकटक करून बघितलं, कान देऊन. भरीव. समाधानानं त्यानं उशी काढली आणि पाय सरळ करायला गेला.

पाय सरळ झाला नाही.

त्यानं वाकवून बघितला. वाकला थोडा, आणि मग अडला. दमट हवेत फुगलेलं दार अडतं तसा. जोर लावला तर डोळ्यांपुढं काजवे. घामाघूम होऊन तो बसून राहिला. सिमेंटनं हाडाला घट्ट धरलं होतं, डॉक्टर म्हणाले तसं पहिल्याच दिवशी. पण हाडाभोवतीचं मांस, शिरा, कातडी, जे हलतं ठेवायला हवं होतं, तेही आता धरून बसलं होतं. माणूस म्हणजे फरशी नव्हे, हे त्याला तेव्हा कळलं. बैल गेला आणि झोपा केला.

त्यानंतर डॉक्टरांकडं जायचा दिवस आला. काकू नवी साडी नेसून आली होती. तिच्या पिशवीत तिचा एक्स-रे होता, मोठ्या पाकिटात, कोपरे दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा घालून. आज तिची तारीख ठरायची होती. तशी ती गुडघ्यांपेक्षा मनानं अडलेली. पण त्या दिवशी मन चालायला लागलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लेकही बरोबर होती.

डॉक्टरांनी मिस्त्रीला झोपवलं, पाय वाकवला, सरळ करायला गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पुन्हा एकदा करून बघितलं. मग एक्स-रे बघितला. "सांधा तर अगदी जागच्या जागी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मग हे असं का? काका, व्यायाम करत होतात ना?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी काकू बोलली. तिच्या आवाजात केवढा अभिमान! "करतात म्हणजे? एक दिवस चुकवला नाही हो त्यांनी. मी रोज विचारते ना. आमचे हे नेमाचे एकदम पक्के आहेत, कुणालाही विचारा."

डॉक्टर मिस्त्रीकडं बघत होते. लेक बघत होती. काकू बघत होती. एक वाक्य हवं होतं फक्त. नाही केले साहेब, खोटं बोललो. एवढंच. आणि मिस्त्रीच्या जिभेवर ते आलंही होतं. पण लेकीसमोर? डॉक्टरांसमोर? जिनं आत्ताच एवढं छातीठोक सांगितलं, तिला तोंडघशी पाडायचं? त्यानं मान खाली घातली आणि मूग गिळून बसला.

डॉक्टर उसासा टाकून म्हणाले, "असतं एखाद्याचं शरीर असं. सगळं करूनही आखडतं. हरकत नाही, पुन्हा भूल देऊन वाकवून देऊ. बराच फरक पडेल. काकू, आता तुमचं बघू या?"

काकूनं पाकीट अर्धं बाहेर काढलं होतं. तिनं ते परत पिशवीत सारलं आणि वरून पिशवीची चेन ओढली.

"माझं राहू द्या," ती म्हणाली.

"आई!" लेक म्हणाली.

"राहू द्या म्हटलं ना. एवढं सगळं करून यांचे हे हाल. माझं काय होईल?"

मिस्त्रीला ते सगळं ऐकू येत होतं. अजूनही वेळ होती. तिथून दारापर्यंत, दारापासून रिक्षापर्यंत, रिक्षात बसून घरापर्यंत, सगळी वाट वेळ होती. तो काही बोलला नाही.

पुन्हा भूल दिली, गुडघा वाकवला. त्यानंतरची दुखणी त्यानं दात खाऊन सोसली. आता तो व्यायाम करायचा. खरे. फिजिओथेरपीची तीच मुलगी, ती बिचारी काही न विचारता पुन्हा यायला लागली. तो ओरडायचा, घामानं गादी भिजायची, पण थांबायचा नाही. काकू दारात उभी राहून बघायची आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. तिला दिसत होता फक्त छळ. एकदा ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा ही ओरड. तो जेवढा मनापासून व्यायाम करायचा तेवढी ती आतून ठाम व्हायची, की नको रे देवा, हे आपल्याला नको. अशी गंमत आहे बघा. खोटं बोलला तेव्हा ती तयार होती, आणि आता खऱ्यानं वागत होता तर ती घाबरत होती.

हळूहळू पाय सुधारला. पुरता सरळ काही झाला नाही, किंचित वाक राहिलाच. पण वॉकर सुटला, काठी सुटली, मग कठड्याला धरून जिनाही जमायला लागला. आणि काकू? ती दुकानात जायची बंद झाली. समोरचा रस्ता ओलांडणंही होईना. शिंपी कपडे घरी पाठवायचा. ती खिडकीशी बसून बटणं लावायची आणि रस्त्यावरच्या माणसांचे पाय बघत राहायची.

शेवटी एका दुपारी मिस्त्रीनं तिच्या पुढ्यात खुर्ची ओढली आणि बसला. "अगं, मला तुला एक सांगायचंय."

"बोला."

"मी व्यायाम केलेच नव्हते."

तिची सुई थांबली. "कधी?"

"पहिल्यांदा. तू दुकानात असायचीस तेव्हा. मी नुसता पडून राहायचो, गुडघ्याखाली उशी घेऊन. तू आलीस की काढायचो. त्या मुलीला मीच यायचं बंद केलं. मला वाटलं आतला माल ओला आहे, पाय ठेवला तर हलेल. म्हणून आखडला. ऑपरेशनचा दोष नाही, डॉक्टरांचा नाही. माझा आहे. तू केलंस तर तुझा चांगला होईल. तुला सांगितलेलं तू सगळं करतेस. तू तर माझ्या आधी चालायला लागशील गं."

एवढं सलग तो जन्मात बोलला नव्हता. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला वाटलं, चला, आता शिव्या देईल, रडेल, पण ऐकेल.

ती हसली. मायेनं, लहान पोराकडं बघून हसावं तशी. "अहो, मला तयार करायला एवढं खोटं?"

"खोटं नाही. खरं सांगतोय."

"हो, हो. दुसऱ्याच्या घरातली पोकळ फरशी न सांगता उचकटणारा माणूस, तो बायकोला फसवून उशी घेऊन पडेल? तिकडं शिंप्याला जाऊन सांगा, तोसुद्धा हसेल." तिनं पदरानं डोळे टिपले. "स्वतःला नावं ठेवून घेताय माझ्यासाठी. कळतं मला. पण नको. मला जमायचं नाही."

"अगं, शपथ घेतो!"

"शपथ नका घेऊ. खोट्याची शपथ वाईट."

त्यानं लेकीला सांगितलं. लेकीला पटलं. मग ती आईकडं गेली. आई म्हणाली, "झालात का बाप-लेक एक?" फिजिओथेरपीच्या मुलीकडून वदवलं, तर काकू म्हणाली, "ती तर डॉक्टरांचीच माणूस, ती तसंच बोलणार." आयुष्यभर एकेक फरशी वाजवून वाजवून मिस्त्रीनं जे नाव कमावलं होतं, तेच आता त्याच्या आडवं उभं राहिलं होतं. आपल्याच हातानं बांधलेलं, आणि आपल्यालाच सोडता येईना.

पुढं एकदा लेकीनं दोघांना न्यायला गाडी बोलावली. काकू म्हणाली, इमारतीपर्यंत तरी येते, बाहेरून बघते. आली. खालच्या पायरीपाशी थांबली, मान वर करून जिन्याकडं बघितलं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर हात टेकत टेकत बसली. "तुम्ही या बघून. मी आहे इथं."

मिस्त्री म्हणाला, "मीही बसतो."

"वेडे आहात का? पाय बरा झालाय ना, चढा. मला येऊन सांगा कसं आहे ते."

तो चढला. दर वळणावर थांबून खाली बघत होता. तिच्या केसांचा पांढरा भांग दिसायचा, मग दिसेनासा झाला. वर लेकीनं दार उघडलं. घर उजेडाचं होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, खिडकीतून दिसणारं आभाळ, सगळं त्यानं नीट बघून घेतलं, सांगायचं होतं म्हणून. मग सवयीनं काठीच्या टोकानं फरशी वाजवत खोलीभर फिरला. काठी हल्ली लागत नव्हती, पण जिन्यासाठी लेकीनं हातात दिली होती. खिडकीजवळ आवाज बदलला. तो थांबला, पुन्हा वाजवली. लेक म्हणाली, "काय झालं, बाबा?" तो म्हणाला, "काही नाही." सांध्यांत भरलेलं पांढरं सिमेंटही कडेला खडबडीत राहिलं होतं. काकूनं असं कधी ठेवलं नसतं. अंगठ्यानं दाबून, दोनदा पुसून, मगच उठली असती. त्याला तिथं उभं राहवेना.

खाली आला तेव्हा ती तशीच बसून होती, हात मांडीवर ठेवून. पूर्वी सुतळीच्या बाहेर बसायची तशी, तो "ये गं" म्हणेपर्यंत. तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला. नवा गुडघा थोडा अडला, मग वाकला.

"कसं आहे हो घर?" तिनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. उजेड कुठून येतो, ओटा केवढा आहे, पडदे कुठल्या रंगाचे. ती डोळे मिटून ऐकत होती.

"आणि फरशी?"

"चांगली आहे." त्यानं काठी पायरीला टेकवून ठेवली. "खिडकीजवळची एक पोकळ आहे."

"अगंबाई!" तिनं पटकन डोळे उघडले. "मग लेकीला सांगा ना, त्यावर जड काही ठेवू नको म्हणावं. कधी फुटेल सांगता येत नाही."

न बघता, न वाजवता, हे मात्र तिनं लगेच खरं मानलं.